दर्यातून दिसणारा डोंगर

दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरातल्या एका पहाटे, मालवणच्या बंदरातून निघालेल्या एका छोट्या होडीत मला बसायला मिळाले. माझे आजोळ याच तालुक्यातले असले, तरी आमचे घर समुद्रापासून चार कोस आत, भातशेतीच्या मळ्यांत आहे. त्यामुळे समुद्र मी कायम किनाऱ्यावरून, म्हणजे डोंगराकडे पाठ करून पाहिलेला. त्या दिवशी प्रथमच उलटे झाले. काळोखात सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी मागे पडली, होडी चांगली आत गेली आणि काही वेळाने पूर्वेकडे फटफटू लागले, तेव्हा सूर्य वर येण्याआधी सह्याद्रीची रेघ वर आली. खाली माडांची काळी झालर, तिच्यामागे बुटके सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, आणि सगळ्यांच्या मागे निळ्या शाईने ओढल्यासारखी घाटमाथ्याची लांबच लांब कड. मी समुद्र पाहायला गेलो होतो आणि होडीतली माणसे मात्र सारखी डोंगराकडे पाहत होती.

ते पाहणे हौसेचे नव्हते. जाळे कुठे टाकायचे, हे पाण्याकडे पाहून कळत नाही, कारण वरून सगळे पाणी सारखेच दिसते. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, किनाऱ्यावरची एक जवळची खूण धरतो, एखादे देवळाचे शिखर किंवा इतरांपेक्षा उंच गेलेला माड, आणि ती लांबच्या डोंगरातल्या एखाद्या खिंडीशी जुळते का ते पाहतो. तशीच दुसरी जोडी दुसऱ्या दिशेला जुळली की त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा पक्की. खाली खडक आहे, की गाळ आहे, की मागच्या वर्षी जाळे फाटले ती कपार आहे, हे त्या जागेवरून ठरते. आमच्या होडीचे तांडेल साठी उलटलेले गृहस्थ होते. मी विचारल्यावर त्यांनी हातातली विडी न विझवता खिंडीकडे बोट केले आणि म्हणाले, "जंवसर डोंगर दिसता तंवसर घर लांब नाय." पावसाळ्यात डोंगर दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात दर्यात जायचे नाही, असेही त्यांनी पुढे जोडले. शासनाची १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी त्यांच्या या हिशोबात अगदी नीट बसते.

त्या दिवसापासून मला असे वाटू लागले आहे, की सिंधुदुर्गाचे वर्णन करताना आपण 'एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर' असे जे सहज लिहून जातो, ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या दोन बाजू एकमेकींपासून फारशा दूरही नाहीत. सरळ रेषेत मोजले तर किनारा आणि घाटमाथा यांत चाळीस ते साठ किलोमीटरांचे अंतर भरेल, आणि तेवढ्यात जमीन शून्यापासून आंबोलीच्या सुमारे सातशे मीटरांपर्यंत चढते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघालेला हा जिल्हा म्हणजे एक उतार आहे, आणि इथले पाणी, वारा, मीठ, मिरची, माणसे, इतकेच काय पण राज्यसत्ताही, शतकानुशतके या उतारावरून वर-खाली करीत आलेली आहे.

वाऱ्याचेच पाहा. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो, तो मतलई. दुपारनंतर तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येतो तो खारा वारा. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द आपण पाठ केलेले असतात, पण ज्या काळात होड्यांना इंजिने नव्हती त्या काळात मासेमारीचे सारे वेळापत्रक या दोन शब्दांवर चालत असे. मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायचे. पहाटे चारला निघण्याची सवय आज डिझेल जाळतानाही सुटलेली नाही, ती त्यामुळेच असावी.

पाण्याची गोष्ट याहून मोठी आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग या उतारावर चढताना थंड होतात आणि रिते होतात. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस आंबोलीत सात हजारांच्या वर जातो. हे पाणी आखूड आणि घाईच्या नद्यांनी खाली येते. कर्ली, गड, वाघोटण, तेरेखोल, तिलारी या नद्यांना सपाटीवर रेंगाळायला फारशी जागाच नाही. आणि तरी समुद्राच्या तोंडाशी आल्यावर त्यांतल्या काही अचानक संकोच केल्यासारख्या वळतात. कर्ली नदी तारकर्ली-देवबागला समुद्राला लागूनच वाहते, पण लगेच त्याला मिळत नाही. दोहोंमध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी राहते, आणि त्या पट्टीवर आख्खे गाव वसलेले आहे. घराच्या पुढच्या दारातून लाटा ऐकू येतात आणि मागच्या दारी नदीत होडी बांधलेली असते. उत्तरेला तोंडवळी-तळाशीलला गड नदीने हाच प्रकार पुन्हा केला आहे. वाळूच्या या जिभा समुद्राने आणि नदीने मिळून घडविल्या आहेत आणि दोघांपैकी कोणाचेही मन फिरले की त्या खचतात. देवबागच्या लोकांचा दर पावसाळ्यातला मुक्काम अशा भीतीतच जातो.

पहिल्या जोरदार पावसात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. समुद्राची मासेमारी बंद असते, आणि नेमके त्याच वेळी गोड्या पाण्यातले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट, ओहोळांतून आणि भाताच्या शेतांतून वर चढू लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. आमच्या मळ्यात लहानपणी आम्ही कंदील घेऊन त्यांच्या मागे धावत असू. आता मागे वळून पाहताना तो प्रकार मला तितकासा निरागस वाटत नाही, कारण अंड्यांनी भरलेली मादी पकडणे म्हणजे पुढच्या वर्षाचे बियाणे दळून खाणे होय. परंतु तेव्हा जिभेला एवढेच कळत होते, की सुक्या बांगड्यांच्या दिवसांत ताजा मासा मिळाला.

मासे या उतारावर किती वरपर्यंत आहेत, याचे उत्तर २०२० साली आंबोलीतून आले. तिथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी गुहेतले महादेवाचे देऊळ आहे आणि त्याच्यापुढे एक कुंड आहे. त्या पाण्यात राहणारा एक लहानसा मासा शास्त्राला नवा असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आणि त्याला नदीचेच नाव दिले, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बंदरावर टोपल्यांनी मासळी उतरते त्या जिल्ह्यात, मासळीसाठी राखलेली ही जागा घाटमाथ्यावरच्या एका देवळाच्या दारात असावी, याची मला फार गंमत वाटते.

ही हिरण्यकेशी मात्र आपल्याकडे उतरत नाही. आंबोलीहून ती पूर्वेला वळते, आजरा आणि गडहिंग्लजवरून संकेश्वराला जाते, पुढे घटप्रभेला मिळते आणि शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला पोचते. अरबी समुद्रावरून आलेला ढग ज्या कड्यावर फुटतो, त्या कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब दुसऱ्याच समुद्राला जातो, हे वाचताना साधे वाटते. पण त्या थेंबाचा काही भाग परत येतो. हिरण्यकेशीच्या काठच्या मुलखात पिकणारी संकेश्वरी मिरची घाट उतरून कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात येते आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटतात तेव्हा ब्याडगीच्या बरोबरीने तीच लागते. बांगड्याच्या तिखल्यात माशाखेरीज समुद्राचे असे फक्त मीठ असते. तिखटपणा घाटावरचा, तिरफळे डोंगरातल्या जंगलातली, सोले सड्याच्या उतरणीवरच्या रातांब्याची आणि नारळ किनाऱ्याच्या पुळणीतला. आपण ज्याला 'मालवणी' म्हणून मिरवतो, त्यातला निम्मा ऐवज डोंगराचा आहे.

मीठ मात्र वर जात असे. शिरोड्याची मिठागरे त्यासाठी प्रसिद्ध होती, आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तोही तिथे झाला, याचे कारण तिथे मीठ पिकत होते हेच. मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवरून रामघाट, फोंडा, पारपोली अशा वाटांनी वर चढत आणि गूळ, तंबाखू, मिरची, कापड घेऊन तेच बैल खाली येत. वेंगुर्ले हे बंदर म्हणून वाढले ते याच व्यवहारामुळे. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली, जिची पडकी भिंत अजून उभी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बेळगावच्या आपल्या छावणीला माल पोचवायला वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे गाडीरस्ता बांधला, तेव्हा या बंदराचे दिवस आणखी पालटले. पण ज्या घाटाने ते वाढले त्याच घाटाने त्याला मागे टाकले, असे म्हणावे लागेल, कारण १८८८ साली मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतून रेल्वे गेली आणि बेळगावकडचा माल हळूहळू त्या वाटेने जाऊ लागला. वेंगुर्ल्याला रेल्वे आजही नाही. कोकण रेल्वे १९९८ साली आली, तीदेखील समुद्राकडे न फिरकता मधल्या पट्ट्यातून, कणकवली-कुडाळ-सावंतवाडी असे करीत निघून गेली. बंदराच्या गावांना तिची शिट्टीही ऐकू येत नाही.

सत्ताही या उतारावरूनच वावरली, असे मी वर म्हटले. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. डोंगरी किल्ल्यांच्या राजाने समुद्रात किल्ला बांधला, ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्यातले नवल आता पुसून गेले आहे. मला नवल वाटते ते जागेच्या निवडीचे. मालवणच्या समोरचे पाणी बुडालेल्या आणि अर्धवट बुडालेल्या खडकांनी भरलेले आहे. वाट माहीत असेल तरच गलबत आत येते. ती वाट माहीत होती ती स्थानिक गाबीत मच्छीमारांना, म्हणजे खिंडी आणि माड जुळवून पाणी ओळखणाऱ्या माणसांना. अठ्ठेचाळीस एकरांच्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना मध्ये गोडे लागते, ते बेटावर पडलेला पाऊस खडकात मुरून राहतो म्हणून. या पाण्याशिवाय किल्ला एक महिनाही लढवता आला नसता.

या किल्ल्याचा पुढचा इतिहास सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मुद्द्याला तो फार उपयोगी आहे. मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्यावर सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडे राहिला, म्हणजे समुद्रातल्या किल्ल्याचा कारभार घाटावरून चालू लागला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, पण लवकरच त्यांना तो कोल्हापूरला परत करावा लागला. १८१२ च्या तहाने मात्र तो कायमचा गेला. उत्तरेला वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग १७५६ सालीच आंग्र्यांच्या हातून गेला होता, आणि तोही इंग्रजांनी एकट्याने नव्हे, तर पेशव्यांच्या साथीने घेतला. घाटावरच्या पुण्याने समुद्रावरच्या आपल्याच आरमाराचे कंबरडे मोडायला परक्यांना मदत केली, याविषयी किनाऱ्यावरच्या माणसाला आजही काय वाटते, ते विजयदुर्गाच्या जेटीवर दोन कप चहा घेतले की ऐकायला मिळते.

आंग्र्यांचे नाव आता समुद्राच्या तळाशीही आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरांवर पाण्याखाली एक सपाट माथ्याचे पठार आहे, त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्यापासून वीसेक मीटरच खोल आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. म्हणजे जमिनीवर आंबोली आहे आणि समुद्रात आंग्रिया. मच्छीमार या दोन डोंगरांच्या मधल्या खोलगटात जगतो.

डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये सडा असतो. जांभ्या दगडाची ही उघडी, तापट पठारे आठ महिने काळी-तांबूस आणि निर्जीव दिसतात, आणि श्रावण-भाद्रपदात त्यांवर सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात. देवगडकरांनी हाच कातळ सुरुंगांनी फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून हापूस लावला. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला तोही अशाच सड्यावर. सड्याला सरकारी कागदात अनेकदा पडीक जमीन म्हटलेले असते. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर मात्र इतिहासपूर्व माणसांनी कोरलेली चित्रे आहेत, आणि कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर हे ठिकाण २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले आहे. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, राजापूर तालुक्यातल्या कशेळीला एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या अंगावर इतर प्राण्यांच्या गर्दीत जलचरही आहेत. ज्याने ते कोरले, त्याच्या डोक्यात रानातला प्राणी आणि समुद्रातला मासा असे दोन कप्पे नव्हते, असे ते पाहताना वाटते. हत्ती तर अजून येतात. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून काही हत्ती दोडामार्गच्या बाजूने जिल्ह्यात उतरले, आणि तेव्हापासून केळीच्या बागायतदारांची झोप उडालेली आहे.

गोडे पाणी समुद्रापर्यंत पोचण्याआधी अडवून ठेवण्याची कलाही इथे जुनी आहे. धामापूरचा तलाव १५३० सालचा मानतात. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालून केलेला, काठावर भगवतीचे देऊळ असलेला हा तलाव २०२० साली सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंदला गेला. तिथल्या पाण्याकडे बघत बसल्यावर समुद्र इथून काही कोसांवरच आहे, हे खरे वाटत नाही.

आता रापणीविषयी लिहितो, कारण तिच्याशिवाय या किनाऱ्याविषयी लिहिणे म्हणजे वाढप्याने भात न वाढण्यासारखे आहे. रापण ही एकट्या माणसाची मासेमारी नाही. होडीतून जाळे नेऊन समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर दोन जागी आणतात, आणि मग पन्नास-साठ माणसे दोन रांगांत उभी राहून त्या ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात. घाई करून चालत नाही, आणि थांबूनही चालत नाही. शेवटचा पट्टा वाळूवर येतो तेव्हा पाणी चंदेरी होऊन उसळते आणि मुले ओरडू लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा. दोरीला हात लावणारा परका माणूसही सहसा रिकाम्या हाताने जात नाही. मीही एकदा अर्धा तास दोरी ओढली होती आणि माझ्या ओंजळीत चार पेडवे आणि एक चुकून आलेला सौंदाळा टाकला गेला होता. तळहाताची साले निघाली होती, पण इतक्या मानाची कमाई मी त्यानंतर केलेली नाही.

रापणीला मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. बाहेरच पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी तारली-बांगड्याचे थवेच्या थवे उचलले गेले, तर वाळूवर साठ माणसांनी दोरी ओढून काय यायचे? ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करण्यालाही बंदी झाली, तरी रात्री समुद्रावर दिव्यांचे शहर वसलेले आपण किनाऱ्यावरून पाहिले असल्याचे अनेक जण सांगतात. १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्याविषयी मात्र लहान मच्छीमारही सावधच असतो. प्रवाळ वाचावेत हे त्याला पटते, पण वाचवण्याची सुरुवात आपल्या छोट्या जाळ्यापासून होईल, ही त्याची शंका मला निराधार वाटत नाही.

आमच्या होडीला त्या दिवशी फार मासळी मिळाली नाही. थोडे बांगडे, दोन लेप आणि एक मध्यम इसवण, जी तांडेलांच्या पुतण्याने ताबडतोब बर्फाच्या पेटीत झाकून टाकली, कारण डिझेलचा खर्च तिच्यावरच निघणार होता. सूर्य वर आला तसा धुरकट उजेड पसरला आणि सह्याद्री पुसट होत होत दिसेनासा झाला. मी विचारले, आता खुणा कशा पाहणार? पुतण्याने खिशातून जीपीएसचे यंत्र काढून दाखवले. त्यातल्या छोट्या पडद्यावर आकड्यांची रांग होती आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याने एकेक नाव लिहून ठेवले होते. 'जोडमाड', 'देवळाचा कळस', 'मोठी खिंड', 'खिंडीच्या खाली'.

त्यांतला जोडमाड आता नाही. जिथे तो होता तिथे तीन मजली लॉज उभे राहिले आहे. तांडेल हसून म्हणाले, लॉजवाल्याने रात्री वर दिवा लावला तर ती खूण अंधारातही दिसेल. मग त्यांनी सुकाणू वळवले आणि होडी किनाऱ्याकडे निघाली.